संडे, पद्मिनी आणि मागचा बेल्ट

रविवार, सकाळचे सात. चोक ओढला, किल्ली फिरवली आणि बाबांची प्रीमियर पद्मिनी खोकत खोकत जागी झाली. मागे साडेचार वर्षांची लेक टाळ्या पिटतेय! १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर, तिकोनी काचेतून येणारा वारा... एसी हवाय कुणाला?

आम्ही लहानपणी पुढच्या सलग सीटवर उभे राहून चौपाटी गाठायचो. धमाल होती, पण आता नाही हं! ड्रम ब्रेकची गाडी, मागे बेल्टच नव्हते. म्हणून पेंट, क्रोम सगळं नंतर. आधी मागचा पत्रा मजबूत करून बेल्ट बसवले आणि चाइल्ड सीट. मेकॅनिक हसला. हसू दे.

आणि हो, पन्नाशी उलटलेल्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नंबर मिळतो, पण मग ती रस्त्यावर आणायची फक्त रॅली, प्रदर्शन किंवा पेट्रोल-दुरुस्तीसाठी. लेकीची चक्कर त्यात बसत नाही! आम्ही आपला साधाच नंबर ठेवलाय.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. त्यामुळे सिग्नलला हमखास एखादे टॅक्सीवाले काका विचारतात, ‘‘विकणार का?’’

मागून उत्तर येतं, ‘‘नाही! माझी आहे.’’