कोरियन माणसाचें बाहेरचें जेवण

घरीं जेवेल तो नीट जेवेल आणि बाहेर जेवेल तो प्रकृतीची हेळसांड करील, ही समजूत फार जुनी असून बहुतेक सर्व देशांत आढळते. दक्षिण कोरियांत तिची तपासणी करण्याचें एक चांगलें साधन आहे. तेथील सरकारनें १९९८ सालीं लोकांच्या आरोग्याची व आहाराची देशव्यापी पाहणी सुरू केली आणि २००७ पासून ती दरवर्षीं होते. प्रतिवर्षीं सुमारें १०,००० माणसें, एक वर्षाच्या मुलापासून अतिवृद्धांपर्यंत, तींत घेतलीं जातात. त्यांचें वजन व उंची मोजतात, रक्तदाब पाहतात, रक्त तपासतात. शिवाय आदल्या दिवसभरांत प्रत्येकानें काय काय आणि किती खाल्लें, हें आहारशास्त्र शिकलेला मनुष्य वाटीचमच्याच्या मापानें विचारून उतरून घेतो. त्यांतच एक साधा प्रश्न असतो: बाहेरचें जेवण किती वेळां होतें? उत्तराच्या पायऱ्याहि ठरलेल्या आहेत. दिवसांतून दोनदां अथवा अधिक, दिवसांतून एकदां, आठवड्यांतून पांचसहा वेळां, अशा उतरत्या क्रमानें त्या ‘जवळजवळ कधींच नाहीं’ येथपर्यंत येतात.

आतां या प्रश्नांतील ‘बाहेरचें’ या शब्दाचा अर्थ श्रोत्यांनीं नीट ध्यानांत घेतला पाहिजे. नाहीं तर पुढचा सगळा हिशेब चुकेल. अन्न कोठें बसून खाल्लें याला तेथें महत्त्व नाहीं. तें कोठें शिजलें याला आहे. खानावळींतील जेवण बाहेरचें, हें तर उघडच आहे. परंतु कारखान्याच्या भोजनगृहांतील जेवण, शाळेंत मुलांना मिळणारें जेवण, मंदिरांत किंवा चर्चमध्यें प्रार्थनेनंतर वाढलेलें जेवण, हींहि सर्व बाहेरचींच. मोटारसायकलवरून दारांत आलेल्या शेवयांचा वाडगा कोणी स्वतःच्या घरांत मांडी घालून संपवला, तरी तो बाहेर जेवला असें धरतात. उलट कचेरींतील टेबलावर घरचा डबा उघडणारा मात्र घरीं जेवला.

अशा रुंद व्याख्येनें मोजलें असतां, २००८ च्या सुमारास दररोज निदान एकदां बाहेरचें खाणारे लोक एकूण लोकांच्या चतुर्थांशाच्या आसपास होते. पुढील दहा वर्षांत तें प्रमाण सुमारें एकतृतीयांशावर गेलें. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली तेव्हां तें खालीं आलें. स्त्रियांपेक्षां पुरुष बाहेर अधिक जेवतात, वृद्धांपेक्षां तरुण अधिक, आणि ज्यांना नोकरी, शिक्षण व पैसा आहे ते इतरांपेक्षां अधिक. यांत नवल नाहीं. देशाची सुमारें अर्धी वस्ती सोल शहर व त्याचा परिसर यांतच एकवटलेली आहे; घर एकीकडे आणि कचेरी दूर दुसरीकडे. दुपारचे बारा वाजले कीं कचेऱ्यांतील माणसें तिघातिघांनीं, चौघाचौघांनीं बाहेर पडतात आणि एक वाजण्याच्या आंत परततात. हें चैनीचें जेवण नव्हे, कामाच्या दिवसाचाच तो एक भाग आहे.

त्या ताटांत असतें तरी काय? साध्या खानावळींतील नेहमींच्या जेवणाला ‘पेकबान’ म्हणतात. शब्दाचा अर्थ केवळ ‘पांढरा भात’ एवढाच. झांकणाच्या पोलादी वाटींत भात, शेजारीं पातळ सार किंवा सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाचा रस्सा, आणि भोंवतीं लहान लहान बशा: आंबवलेल्या कोबीची किमची, उकडून तिळाच्या तेलांत कालवलेली पालेभाजी, मोडाचे दाणे, सुकी मासळी, अंड्याची वडी. या बशांचे निराळे पैसे पडत नाहींत, आणि एखादी रिकामी झाली तर मागितल्यावर पुन्हां भरून मिळते. महाराष्ट्रांतील खानावळींत वाढप्यानें आमटी पुन्हां वाढावी, तसाच हा रिवाज. मुद्दा असा कीं, ‘बाहेरचें’ म्हटल्याबरोबर तळलेल्या पदार्थांचें जें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें, त्याच्याशीं या ताटाचा फारसा संबंध नाहीं. भाज्यांची इतकी विविधता पुष्कळ घरांतून रोज होत नसेल.

त्या पोलादी वाटीचा इतिहासहि थोडा ऐकण्यासारखा आहे. १९७० सालीं तेथें दर माणशीं वर्षाला सुमारें १३६ किलो तांदूळ खपत असे आणि देशांत तो पुरत नव्हता. म्हणून सरकारनें गव्हाचें पीठ व इतर धान्यें खाण्याचा प्रचार चालविला. १९६९ पासून कांहीं वर्षें बुधवारीं व शनिवारीं खानावळींतून भात विकण्यास बंदी होती. पुढें १९७६ सालीं सोलच्या नगरपालिकेनें भाताच्या वाटीचें मापच ठरवून टाकलें. आंतला व्यास साडेदहा सेंटिमीटर, उंची सहा सेंटिमीटर, आणि तीहि कांठोकांठ भरावयाची नाहीं. घराघरांतील चुलीपर्यंत सरकारचा हात पोंचत नव्हता, खानावळीच्या वाटीपर्यंत मात्र पोंचला! कालांतरानें अधिक पिकणाऱ्या भाताच्या जाती आल्या, तांदूळ मुबलक झाला, आणि वाटी तेवढी लहानच राहिली. २०२३ सालीं दर माणशीं खप अवघा ५६ किलोंवर उतरला होता, आणि ज्या सरकारनें भात कमी खाण्याचा उपदेश केला त्यालाच आतां लोकांनीं भात खावा म्हणून खटपट करावी लागत आहे.

बाहेरच्या जेवणाचा खरा दोष शोधावयाचा तर तो साराच्या वाडग्यांत सांपडतो, आणि तो दोष म्हणजे मीठ. मिठांतील सोडियम प्रौढ माणसाच्या पोटांत दिवसाला २,००० मिलिग्रॅमहून कमी जावें, म्हणजे सगळें मिळून सुमारें एक लहान चमचा मीठ, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१० च्या सुमारास कोरियन माणसाचा सरासरी आंकडा ४,८०० च्या घरांत होता. तेथील अन्नविषयक सरकारी खात्याच्या कोष्टकांत चांपोंग नांवाच्या झणझणीत, मासळीच्या शेवयांच्या एका वाडग्याला ४,००० मिलिग्रॅम सोडियम दिलेलें आहे. म्हणजे दोन दिवसांचें मीठ एका बैठकींत. २०१२ पासून सरकारनें मीठ घटविण्याची मोहीम हातीं घेतली. खानावळवाले, शाळांचीं स्वयंपाकघरें व तयार अन्नाचे कारखानदार या सर्वांना तींत ओढलें, सार सगळें पिऊन टाकूं नका म्हणून लोकांना सांगितलें, आणि २०१८ पर्यंत सरासरी ३,३०० च्या आसपास आली. हें यश लहान नव्हे. पण सुचविलेल्या मर्यादेच्या दीडपटीहून तें अद्यापि अधिकच आहे. शिवाय न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, हें सगळें मीठ खानावळवाल्याचें नाहीं. घरची किमची आणि घरचें सोयाबीनचें वाटण यांतूनहि तें भरपूर येतें.

पाहणीच्या आंकड्यांवरून असें दिसतें कीं, वारंवार बाहेर जेवणाऱ्यांच्या आहारांत उष्मांक, स्निग्ध पदार्थ व सोडियम हीं अधिक असतात. मात्र प्रथिनेंहि अधिक असतात, ही गोष्ट टीकाकार बहुधा विसरतात. तेथें शरीराच्या वजनाचा निर्देशांक २५ झाला कीं स्थूलता धरतात. त्या मापानें २०२० सालीं जवळजवळ निम्मे पुरुष स्थूल ठरले, स्त्रिया मात्र बऱ्याच कमी. पुरुषच बाहेर अधिक जेवतात, तेव्हां दोष खानावळीचा, असें म्हणण्याचा मोह होतो. पण दुपारच्या पेकबानला आणि रात्रींच्या मेजवानीला एकाच मापानें मोजणें बरें नव्हे. कचेरी सुटल्यावर साहेबासह सगळ्यांनीं जेवावयास जाण्याची तेथें रीत आहे. तिला ‘हेसिक’ म्हणतात. टेबलावरच्या शेगडींत डुकराचें चरबीदार मांस भाजलें जातें, सोजू नांवाच्या दारूचे पेले फिरतात, आणि वडिलधाऱ्यानें पुढें केलेला पेला नाकारणें धाकट्याला कठीण जातें. ही रीत अलीकडे बरीच सैल झाली आहे. २०१६ सालीं सरकारी नोकर, शिक्षक व पत्रकार यांनीं दुसऱ्याच्या पैशानें किती रकमेपर्यंत जेवावें याची कायद्यानें मर्यादा आली. २०१८ पासून आठवड्याला ५२ तासांहून अधिक काम घेण्यास बंदी झाली, प्रथम मोठ्या पेढ्यांत. आणि सांथीच्या दिवसांत, २०२० च्या डिसेंबरांत, राजधानीच्या प्रदेशांत पांच माणसांनीं एकत्र जमण्यासच मनाई झाली. एकदां मोडलेल्या संवयी सगळ्याच परत आल्या नाहींत. तरुण नोकरवर्गाला त्याचें दुःख झालेलें दिसत नाहीं.

त्या तरुणांची अडचण निराळीच आहे. विशींतील निम्म्याहून अधिक लोक सकाळीं कांहींच खात नाहींत. त्यांतून एकट्यानें राहणारांची संख्या वाढत चालली आहे. २००० सालीं शेंकडा १५ घरें एकट्या माणसाचीं होतीं, २०२३ सालीं तीं शेंकडा ३५ हून अधिक झालीं. कोरियन जेवण मुळांत अनेकांनीं मिळून जेवण्याचें. मांस भाजण्याच्या किंवा मोठ्या भांड्यांतील रश्श्याच्या पुष्कळ खानावळींत निदान दोघांचें जेवण मागवावें लागतें. एकटा आलेला गिऱ्हाईक त्यांना परवडत नाहीं. मग तो शेवयांकडे वळतो, नाहीं तर नाक्यावरच्या रात्रंदिवस उघड्या दुकानांतला बंद डबा घेतो. ‘एकट्यानें जेवणें’ याला त्या भाषेंत ‘होन्‌बाप’ असा नवा शब्दच झाला आहे. पोटाला कमी पडणारे लोक निवडतांना पाहणी करणारे एक कसोटी लावतात: उष्मांक गरजेच्या तीनचतुर्थांशाहून कमी, आणि त्याबरोबर कॅल्शियम, लोह, ‘अ’ जीवनसत्त्व व रिबोफ्लेविन हींहि कमी. या कसोटींत कमी पडणाऱ्यांत असे तरुण बरेच आढळतात, हें ऐकून त्यांच्या आईबापांना खेद वाटल्याशिवाय राहणार नाहीं.

त्याच कसोटींत दुसरे जे पुष्कळ अडकतात ते वृद्ध. आणि वृद्ध म्हणजे तर सर्वांत कमी बाहेर जेवणारे. ‘जवळजवळ कधींच नाहीं’ या शेवटच्या पायरीवर उभे असलेले लोक पाहिले, तर त्यांत खेड्यांतील म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा. घरचें जेवण हेंच उत्तम, ही समजूत खरी असती तर यांचा आहार सर्वांत सकस असावयास हवा होता. प्रत्यक्षांत त्या ताटांत भात, किमची आणि सार, बहुतेक एवढेंच असतें. पिष्टमय पदार्थ भरपूर. प्रथिनें व कॅल्शियम बेताचींच. एकट्या म्हातारीनें स्वतःपुरतीं चार तोंडीं लावणीं करावींत कशाला? सकाळचेंच सार संध्याकाळीं ऊन होतें. यांत पैशाचाहि प्रश्न आहे. श्रीमंत म्हणविल्या जाणाऱ्या राष्ट्रांत कोरियाचें नांव घेतात, तरी तेथील वृद्धांपैकीं शेंकडा ४० च्या आसपास लोक देशांतील मधल्या उत्पन्नाच्या निम्म्याहून कमी उत्पन्नावर दिवस काढतात. सोलमधील तापगोल बागेच्या परिसरांत मोफत जेवणासाठीं वृद्धांची रांग लागते. राजधानीच्या अगदीं मध्यवस्तींतली ही जागा आहे.

मुलांच्या जेवणाबाबत मात्र त्या देशानें डोळसपणा दाखविला. शाळेंतील दुपारचें जेवण आहारशास्त्र शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीं शिजतें. तें सर्वांना फुकट द्यावें कीं फक्त गरिबांना, यावर २०११ च्या ऑगस्टांत सोल शहरांत लोकांचें मत घेण्यांत आलें. पुरेसे लोक मतदानाला आलेच नाहींत, म्हणून मतें मोजलींहि गेलीं नाहींत, आणि फक्त गरिबांना देण्याच्या बाजूनें झगडणारे महापौर ओ से-हून यांनीं राजीनामा दिला. जेवणाच्या ताटापायीं एवढ्या मोठ्या शहराचा महापौर पायउतार व्हावा, ही राजकारणांत रोज घडणारी गोष्ट नव्हे. पुढें हें जेवण सर्वांना मिळूं लागलें.

वृद्धांसाठीं गांवोगांवीं व शहरांच्या पेठांपेठांतून ‘ग्योंग्‌नोदांग’ नांवाच्या सभागृहवजा जागा आहेत. सरकार त्यांना तांदुळाकरितां मदत देतें. तोंडीं लावण्याचा खर्च, भाजी निवडणें, भांडीं घासणें हें बहुधा म्हाताऱ्या बायकाच आपसांत वांटून घेतात. दुपारीं सगळ्या मिळून जमिनीवर बुटक्या टेबलाभोंवतीं बसतात. एकटीच्या घरीं जें सार दोनदां ऊन झालें असतें, त्याच्या जागीं तेथें ताजें सार होतें, कोणी शेतांतला मुळा आणते, कोणी अंडीं, कोणी मुलानें धाडलेली मासळी. आहार विचारावयास आलेल्या माणसाला अशी एखादी म्हातारी सगळें मोजून सांगते, आणि तो तें ‘बाहेरचें जेवण’ या सदरांत लिहून घेतो. कचेरीच्या मेजवानींतलें भाजलेलें मांस आणि सोजू ज्या सदरांत जातात, त्याच सदरांत.