पिवळ्या डब्याचे व्याकरण

नामाचे प्रकार शिकवताना मी वर्गात हटकून डालड्याचे उदाहरण देते. 'वनस्पती तूप' हे सामान्यनाम, 'डालडा' हे विशेषनाम. पण आमच्या आईच्या तोंडी कुठल्याही कंपनीचे वनस्पती तूप म्हणजे डालडाच! आमच्या कॉलेजातल्या वाणिज्याच्या प्राध्यापकांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "अहो बाई, आमचे निम्मे शास्त्र याच्याच मागे लागलेले आहे."

त्यांच्याकडेही नामांसारखेच तीन वर्ग आहेत. कोपलँड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९२३ साली मालाची विभागणी केली: मिठा-काड्यापेटीसारखा जवळच्या दुकानातून उचलायचा माल, लुगड्या-कपाटासारखा चार दुकाने पालथी घालून घ्यायचा माल, आणि ज्याच्या नावासाठी माणूस वाट वाकडी करतो तो खास माल.

वनस्पती तूप तसे पहिल्या वर्गातले. पण १९३७ साली 'डालडा' बाजारात आला तेव्हा पंचाईत निराळीच होती. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून थिजवलेला हा पदार्थ धड तेल नव्हे, धड तूप नव्हे. साजूक तुपाच्या देशात तो घ्यायचा कोणी? मग विक्रेत्यांनी डब्याला बोलते केले. पिवळा रंग आणि त्यावर पामचे झाड. अक्षरओळख नसलेल्या बाईनेही फळीवरचा डबा बोटाने दाखवावा! घरासाठी लहान गोल डबा, हॉटेलांसाठी मोठा चौकोनी. डब्याच्या आकाराची मोटारसुद्धा रस्त्यांतून फिरवली म्हणतात. शिवाय सुट्या तुपातल्या भेसळीची धास्ती होतीच. तिथे बंद झाकण हाच मोठा दिलासा.

डबा रिकामा झाला तरी त्याची नोकरी संपत नसे. आमच्याकडे एकात तुळस होती, एकात रॉकेल. तिसऱ्याचा उपयोग दिवाळी अंकात न सांगितलेला बरा. कंपनीची जाहिरात आम्ही वर्षानुवर्षे गॅलरीत फुकट मांडली.

आई मात्र पाहुणे आले की भरलेला डबा फळीवर मागे ढकलायची. करंजीचा साटा डालड्याचा; पण कोणी विचारले तर उत्तर एवढेच, "तूप लावलंय." व्याकरणदृष्ट्या यात खोटे काही नाही!

जे तो देखणा डबा सांगत नव्हता, ते पुढे कळले. तेल असे अर्धवट थिजवताना ट्रान्स फॅट तयार होते, आणि ते हृदयाला घातक. जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक चालत नाही. दरम्यान २००३ साली हिंदुस्थान लिव्हरने डालडा बंगी कंपनीला विकला होता. नावाचीही विक्री होते, हे ऐकून आईला फार नवल वाटले.

आता ती पिशवी आधी उलटी करते, मागची बारीक अक्षरे वाचते. चष्मा सापडला नाही तर मला वाचायला लावते. परवा वाण्याकडून भलत्याच कंपनीची पिशवी आली. टक्केवारी दोनदा वाचून घेतल्यावर ती स्वयंपाकघराकडे वळत म्हणाली, "चल, साट्यापुरता डालडा आला एकदाचा."