‘आपण’ आणि ‘आम्ही’ : नित्यप्रार्थनेचे मराठी गद्य

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा परामर्श घेताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः तीन ठिकाणी स्थिरावते : फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ (१६१६), रेव्हरंड ना. वा. टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. या तिन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु उपासनामंदिरात नेमाने उच्चारले गेलेले आणि अनेकांना मुखोद्गत झालेले प्रार्थनापुस्तकाचे गद्य वाङ्मयचर्चेत फारसे आलेले नाही. ते अनुवादित आहे, आणि ते ‘धार्मिक उपयोगाचे’ आहे, अशी दोन कारणे यामागे असावीत. प्रस्तुत लेखात या गद्याची घडण समजावून घेण्याचा आणि मराठीत येताना त्यात काय बदलले हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

या विषयासाठी फार दूर जावे लागत नाही. शिक्रापूर हे पुणे-नगर रस्त्यावरील गाव. या रस्त्याच्या एका टोकाला पुण्यातील पंचहौद मिशन, दुसऱ्या टोकाला नगर (आजचे अहिल्यानगर) येथील अँग्लिकन मिशनचे कार्यक्षेत्र, आणि दक्षिणेला दौंड तालुक्यात पंडिता रमाबाईंचे केडगाव. नित्यप्रार्थनेविषयीच्या तीन भिन्न भूमिका या तीन स्थळांशी निगडित आहेत.

१. रूप

अँग्लिकन परंपरा ही बिशपांच्या अधिकाराखाली चालणारी. म्हणूनच तिच्या अमेरिकेतील शाखेस ‘एपिस्कोपल चर्च’ असे नाव आहे. या परंपरेची ओळख सिद्धांतग्रंथापेक्षा प्रार्थनाग्रंथाने अधिक होते. मध्ययुगीन मठांतून दिवसाच्या आठ प्रहरी लॅटिन उपासना चालत असे. इंग्लंडमध्ये १५४९ साली आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या प्रार्थनापुस्तकाने त्यांच्या जागी प्रातःप्रार्थना व सायंप्रार्थना अशा दोनच उपासना ठेवल्या आणि त्या लोकभाषेत आणल्या. १६६२ च्या आवृत्तीत हे रूप स्थिर झाले. धर्मगुरूने या दोन्ही प्रार्थना दररोज म्हणाव्यात आणि लोकांना यावयास सांगणारी घंटा वाजवावी, असा त्यात निर्देश आहे.

उपासनेचा क्रम ठरलेला असतो. आरंभी आवाहन व पापांगीकार, मग स्तोत्रे, जुन्या करारातील पाठ, गीत, नव्या करारातील पाठ, पुन्हा गीत, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी छोट्या विनवण्या. दीडशे स्तोत्रांचे साठ भाग पाडलेले असून सकाळ-संध्याकाळ एकेक घेतल्यास तीस दिवसांत संपूर्ण स्तोत्रसंहिता म्हणून होते. चिंतनासाठी स्वतंत्र वेळ येथे क्वचितच राखलेला असतो. ते पुनरावृत्तीतून घडावे अशी अपेक्षा असते. एकच वाक्य सुगीत, दुष्काळात आणि घरी मृत्यू झाला असताना म्हणावे लागते. वाक्य तेच राहते. म्हणणाऱ्याचा दिवस बदललेला असतो.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. हरिपाठाचा नित्यनेम पाळणाऱ्या वारकऱ्यालाही हा अनुभव आहे. मात्र दोहोंत दोन भेद आहेत. हरिपाठ पद्य आहे, आणि त्याला संताची नाममुद्रा आहे. म्हणणारा कोणीही असो, अभंगाच्या शेवटी कवीचे नाव येते आणि त्या नावाच्या आधाराने तो बोलतो. प्रार्थनापुस्तकाचे गद्य मुद्रारहित आहे. ते कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर ‘म्हणणाऱ्यांचे’ एवढेच संभवते.

२. व्याकरणाने केलेला अर्थ

म्हणणारे कोण, हे इंग्रजीत एका सर्वनामाने भागते. मराठीत भागत नाही. श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ असा भेद मराठी करते. उपदेशक मंडळीला पापांगीकारासाठी बोलावतो तेव्हा तो ‘आपण’ म्हणतो. त्यात तोही आला आणि समोरचेही आले. पुढच्याच क्षणी सर्वजण ईश्वराला उद्देशून बोलू लागतात आणि ‘आपण’चे ‘आम्ही’ होते, कारण आता श्रोता ईश्वर आहे आणि अपराधात त्याचा वाटा नाही. इंग्रजी मूळात जे वळण संदर्भाने कळते ते मराठीत शब्दानेच कळते. अनुवादकाने ते मुद्दाम योजलेले नाही. ती भाषेची देणगी आहे.

दुसरा प्रश्न वाक्यरचनेचा. अँग्लिकन प्रार्थनेतील छोट्या विनवणीची घडण ठरीव आहे : संबोधन, ईश्वराचा एखादा गुण, मागणे, मागण्याचे प्रयोजन आणि ख्रिस्ताच्या मध्यस्थीचा उल्लेख. इंग्रजीत गुण हा संबंधी उपवाक्याने येतो. त्याच साच्यात मराठी वाक्य बसवले तर ते पुढीलप्रमाणे होईल (उदाहरण प्रस्तुत लेखकाने रचलेले) : ‘हे परमेश्वरा, जो तू रात्रीनंतर पहाट आणतोस, तो तू आमच्या मनांतला अंधार दूर कर, यासाठी की आम्ही आजचे काम निष्ठेने करावे.’ मिशनरी मराठी म्हणून जिची थट्टा होते ती हीच ‘जो तू’ आणि ‘यासाठी की’ची भाषा. हाच आशय मराठीच्या वळणाने असा मांडता येईल : ‘परमेश्वरा, रात्रीनंतर पहाट तूच आणतोस. आमच्या मनांतलाही अंधार दूर कर, म्हणजे आजचे काम आमच्या हातून निष्ठेने होईल.’ येथे ‘च’ आणि ‘ही’ या दोन अव्ययांनी उपवाक्याचे काम केले आहे. जो पहाट आणतो त्याच्याकडेच अंधार घालवण्याचे मागणे करावे, हा तर्क त्यांतून स्पष्ट होतो.

तरीही पहिल्या वाक्याला निव्वळ सदोष ठरवणे योग्य नव्हे. ज्या मंडळीने ते वर्षानुवर्षे एका सुरात म्हटले, तिच्या कानाला ‘जो तू’ परके राहिले नाही; प्रार्थनेची भाषा व्यवहाराच्या भाषेहून वेगळी असल्याची ती खूण झाली. अनुवादित गद्याचे मूल्यमापन करताना केवळ कागदावरील वाक्य न पाहता त्याचा उच्चार करणारा समूहही पाहिला पाहिजे.

३. समूह

हा समूह कोणता? नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती झालेल्यांत पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतील कुटुंबांची संख्या मोठी होती. ज्यांना देवळाच्या उंबऱ्याबाहेर उभे केले जाई, त्यांच्या तोंडी आता ‘आम्ही’ आले. पापांगीकाराचा आशयही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. माणसाने जे केले आणि जे करावयाचे राहिले, त्याची तो कबुली देतो. जन्माचा उल्लेख त्यात कोठेही नाही. ‘विटाळ’ जन्माने चिकटतो अशी समजूत असलेल्या समाजात दोष केवळ कृतीचा मानणे, आणि तो दोष धर्मगुरूसह सर्वांनी एकाच वाक्यात मान्य करणे, ही सामान्य घटना नव्हती.

यामुळे मंडळीतील जातिभेद संपले असे म्हणणे धाडसाचे होईल. ते राहिले, आणि दलित ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर नेमके बोट ठेवले आहे. परंतु वाक्य आचरणाच्या पुढे होते, एवढे खरे. रोज उच्चारलेले ‘आम्ही’ हे आचरणाचे मोजमाप होऊन बसते.

४. पुणे, केडगाव आणि नगर

पुण्याचे पंचहौद मिशन आपल्याला १८९० च्या चहाप्रकरणामुळे ठाऊक आहे. टिळक-रानडे प्रभृतींचा तो चहा इतिहासात गाजला. पण तेथे काम करणारे काउली फादर्स हे दिवसाच्या नेमलेल्या प्रार्थना म्हणणारे अँग्लिकन व्रतस्थ होते, इकडे लक्ष जात नाही. तेथे ठरीव प्रार्थनेची बाजू सर्वांत भक्कम होती.

दुसरी बाजू रमाबाईंची. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे, अँग्लिकन भगिनीसंघाच्या सान्निध्यात, त्यांचा बाप्तिस्मा झाला. ठरीव उपासनेचा अनुभव त्यांनी जवळून घेतला. परंतु सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात प्रश्नांची धार दिसते. लॅटिन अक्षरे असलेला क्रूस धारण करण्यास त्यांनी हरकत घेतली. न समजणाऱ्या भाषेचे पावित्र्य संस्कृत-पंडितेने ओळखले होते आणि नाकारलेही होते. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली जे धार्मिक जागरण झाले, त्यात स्त्रिया एकाच वेळी आपापल्या शब्दांत मोठ्याने प्रार्थना करीत. ठरीव वाक्याची जागा तेथे प्रत्येकीच्या स्वतःच्या वाक्याने घेतली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. त्यामागेही हीच भूमिका आहे : सामान्य स्त्रीला कळत नाही ते वचन तिच्या चिंतनाला आधार देणार नाही.

तिसरी भूमिका समन्वयाची. १९१४ साली नगरला आलेले जॅक विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी. ना. वा. टिळकांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२३ साली प्रसिद्ध केले. १९२२ साली त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापला. पुढे त्याचा आश्रम पुण्यात झाला. व्हेरियर एल्विन १९२७ साली याच संघात आले. जमिनीवर बसून उपासना, खादी, मौन आणि ठरीव प्रार्थनेच्या जोडीला भजन, असा तेथील दिनक्रम होता. गद्याच्या ‘आम्ही’ला अभंगाचा सूर मिळवून देण्याचा तो प्रयत्न होता.

या प्रयत्नाचे एक फलित मराठी अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे आहे. संघाची जी तत्त्वे लिहिली गेली, ती पुढे अँग्लिकन फ्रान्सिस्कन संघाने आपल्यापुरती रूपांतरित करून स्वीकारली. त्या संघाची तृतीय श्रेणी म्हणजे संसारात व आपापल्या पॅरिशमध्ये राहून नेम पाळणारे स्त्रीपुरुष. ही तत्त्वे तीस दिवसांत विभागलेली असून ते रोज एक भाग वाचतात. इंग्लंडमधून प्रार्थनापुस्तक येथे आले, हे सर्वविदित आहे. उलट दिशेने, महाराष्ट्राच्या भूमीत घडलेले चिंतन अमेरिकेतील एपिस्कोपल घरांतही महिन्याच्या आवर्तनाने वाचले जाते.

५. समारोप

२९ नोव्हेंबर १९७० रोजी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले आणि ठरीव प्रार्थनेची अँग्लिकन परंपरा व उत्स्फूर्त प्रार्थनेच्या अन्य परंपरा एका छत्राखाली आल्या. पंचहौद आणि केडगाव यांच्या भूमिकांतील वाद त्याने मिटला नाही. तो एका मंडळीच्या आत आला. पाठ केलेले वाक्य यांत्रिक होते, हा आक्षेप खरा आहे. ज्याला त्या दिवशी स्वतःचे शब्द सुचत नाहीत, त्याला पाठ केलेले वाक्यच सांभाळते, हेही तितकेच खरे आहे.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने या वादात निवाडा देण्याचे कारण नाही. त्याचे काम वेगळे आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास आपण शालेय पुस्तके, निबंध व वृत्तपत्रे यांच्या आधारे लिहितो, म्हणजे प्रामुख्याने वाचल्या गेलेल्या गद्याचा. एकत्र उच्चारल्या गेलेल्या गद्याचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे. जुन्या मंडळ्यांतील वयोवृद्धांच्या तोंडी तो आजही काही अंशी शिल्लक आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो वेळीच ऐकून नोंदवून ठेवावा, इतकेच सुचवावेसे वाटते.