शाळेचं सभागृह आणि सुलभाताई

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाचा पडदा एका गावातल्या सभागृहात उघडतो. शाळेत शिकवणारी लीला बेणारे दाराच्या कडीत बोट चेमटल्यामुळे ते चोखत आत येते आणि सोबतच्या साध्याभोळ्या सामंताशी भरभरून बोलू लागते. आपला वर्ग, वर्गातली मुलं, आपल्यावाचून त्यांचं कसं अडतं, हे ती आनंदाने सांगते. दोन तासांनंतर त्याच सभागृहात ती एकटी, मोडून पडलेली दिसते. खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या खटल्यात तिच्या नाटकमंडळीतल्या सभ्य माणसांनी तिचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणलेलं असतं. १९६७ साली ही बेणारे पहिल्यांदा रंगमंचावर उभी केली सुलभा देशपांडे यांनी. मराठी रंगभूमीवरच्या मोठ्या स्त्री-भूमिका मोजायला बसलं, तर ही भूमिका वगळून पुढे जाता येत नाही.

सुलभाताईंचं नाव निघालं की बहुतेकांना बेणारे आठवते. पुढच्या पिढीला ‘चौकट राजा’मधली आई आठवते आणि त्याहून तरुणांना ‘इंग्लिश विंग्लिश’मधली श्रीदेवीची सासू. या भूमिका मोठ्या आहेतच. माझ्या मते त्यांचं याहूनही मोठं काम पडद्यावर किंवा रंगमंचावर दिसत नाही. नाटकाला जागा लागते आणि ती कुणीतरी मिळवून द्यावी लागते, हे त्यांनी ओळखलं. ही जागा त्यांना सापडली ती एका शाळेत, जिथे त्या स्वतः शिक्षिका होत्या.

शिक्षिका ते ‘रंगायन’

सुलभाताईंचा जन्म १९३७चा, मुंबईतल्या कामेरकरांच्या घरातला. शिक्षण संपल्यावर त्या दादरच्या छबिलदास शाळेत शिकवू लागल्या. शाळेच्या मुलांची नाटकं बसवता बसवता त्यांच्यातली अभिनेत्री आणि दिग्दर्शिका घडत गेली. मुलांना उभं कसं करायचं, वाक्य पाठ करून घेण्याऐवजी ते त्यांच्या तोंडी कसं रुजवायचं, ही तालीम त्यांना वर्गातच मिळाली. पुढे बालरंगभूमीवर त्यांनी जे काम केलं, त्याची मुळं इथे आहेत.

१९६०च्या सुमाराला विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासारखी मंडळी ‘रंगायन’भोवती जमली होती. व्यावसायिक नाटकाच्या बाहेर पडून नवं लेखन आणि नवी मांडणी करून बघायची, हा या संस्थेचा ध्यास. फ्रेंच रंगभूमीवर गाजलेलं यूजीन आयनेस्कोचं ‘खुर्च्या’ मराठीत आणलं ते विजयाबाईंनी याच ‘रंगायन’मध्ये. या वातावरणात सुलभाताई आल्या. अरविंद देशपांडे त्यांचे पती आणि त्यांचे दिग्दर्शकही. घरातल्या चहापासून तालमीच्या खोलीपर्यंत नाटकच चाललेलं असायचं, असा तो संसार.

बेणारे

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची कल्पना तेंडुलकरांना पार्ल्यात सुचली. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेल्या हौशी मंडळींना सभागृहाची वाट दाखवताना त्यांचं बोलणं तेंडुलकरांच्या कानावर पडलं आणि त्यातून हे नाटक उभं राहिलं. राज्य नाट्यस्पर्धेसाठी अरविंद देशपांडे यांनी ते बसवलं.

नटीच्या बाजूने पाहिलं तर ही भूमिका फार अवघड आहे. पहिल्या अंकात बेणारे सर्वांत जास्त बोलते. ती नकला करते, गाणं गुणगुणते, बरोबरच्या प्रत्येकाची खिल्ली उडवते. खटला सुरू होतो, आणि भ्रूणहत्येचा आरोप गंमत म्हणून तिच्यावर ठेवला जातो. हळूहळू साक्षी खऱ्या होऊ लागतात. प्राध्यापक दामलेंशी असलेले तिचे संबंध, तिच्या पर्समधून घरंगळलेली टिक-ट्वेंटी या विषाची बाटली, शाळेच्या व्यवस्थापनाने तिला काढायचं ठरवल्याची बातमी, सगळं एकामागून एक बाहेर येतं. या भागात बेणारे जवळजवळ गप्प असते. बोलतात ते इतर. प्रेक्षकाने बघायचं असतं ते तिच्या चेहऱ्याकडे. सगळी मंडळी आपापली वाक्यं टाकत असताना गप्प राहून नाटकाचा तोल सांभाळणं, हे नटाचं सर्वांत कठीण काम. सुलभाताईंनी ते केलं.

मग येतं शेवटचं स्वगत. न्यायाधीश झालेला काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. बाकीचे सगळे होते त्या जागी थिजतात आणि बेणारे आपलं आयुष्य सांगते. कोवळ्या वयातलं मामावरचं प्रेम, त्यातली फसवणूक, नंतरच्या बुद्धिवान पुरुषाने केलेली फसवणूक, आणि पोटात वाढणारं मूल. या सगळ्यातून येणारी तिची जगण्याची ओढ. ‘कोर्टाला’ त्यातलं काही ऐकू जात नाही. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. हे स्वगत दिग्दर्शक म्हणून अरविंद देशपांडे यांनी तेंडुलकरांकडे आग्रह धरून लिहून घेतलं. पुढे अनेक अभिनेत्रींनी, नाट्यविद्यालयांत आणि स्पर्धांमध्ये, हेच स्वगत म्हणून आपली परीक्षा दिली. आजही एकपात्री स्पर्धेत एखादी मुलगी ते म्हणताना दिसते. त्या वाटेवर पहिलं पाऊल सुलभाताईंचं होतं.

नाटकातली बेणारे शिक्षिका आणि ती करणारी अभिनेत्रीही शिक्षिका. मुलांविषयी बोलताना बेणारेच्या आवाजात येणारी ऊब सुलभाताईंना कुठून उसनी आणावी लागली नसावी, असं मला वाटतं.

१९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर त्याच नावाचा चित्रपट काढला. छायाचित्रणाची बाजू गोविंद निहलानी यांनी सांभाळली. अमोल पालेकर, अमरीश पुरी आणि स्वतः अरविंद देशपांडे त्यात होते. बेणारे अर्थातच सुलभाताईंचीच राहिली. नंतर ‘सायलेन्स! द कोर्ट इज इन सेशन’ या नावाने हे नाटक इंग्रजीत गेलं आणि भारतीय रंगभूमीच्या अभ्यासात कायमचं जाऊन बसलं.

छबिलदास गल्लीतलं रंगमंदिर

१९७१ साली ‘रंगायन’मधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली. अरविंद आणि सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे हे तिचे आधारस्तंभ. गिरीश कार्नाडांचं ‘तुघलक’ तेंडुलकरांच्या अनुवादातून अरुण सरनाईक यांना घेऊन मराठीत आलं ते ‘आविष्कार’तर्फे. पण मोठं नाट्यगृह भाड्याने घेऊन प्रायोगिक नाटक करणं परवडणारं नव्हतं. प्रयोगाचं भाडं तिकिटांतून निघत नाही, आणि प्रयोग झाले नाहीत तर नाटक तालमीतच मरतं. हा पेच आजही प्रत्येक हौशी संस्थेच्या वाट्याला येतो.

त्यावर उत्तर सापडलं ते सुलभाताईंच्या शाळेत. १९७४च्या सुमाराला ‘आविष्कार’चे प्रयोग छबिलदास शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात होऊ लागले. दादर पश्चिमेला, स्टेशनच्या अगदी जवळ, खाली बाजार आणि श्रीकृष्णचा बटाटावडा, आणि वर नाटक. सभागृह साधं होतं. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यात फारसं अंतर नव्हतं. नटाने हळू बोललं तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, आणि नट खोटं बोलला तर तेही लगेच समजायचं. बाहेरच्या रस्त्याचा गलबला आत यायचा. त्याच सभागृहात सत्यदेव दुबे, अमोल पालेकर, जयदेव हट्टंगडी यांच्यासारख्या दिग्दर्शकांनी नाटकं केली. एकाच संस्थेची मक्तेदारी तिथे नव्हती; ज्याला नवं काही करून बघायचं आहे, त्याला जागा मिळायची. म्हणूनच मराठी रंगभूमीच्या इतिहासात या सगळ्याला ‘छबिलदास चळवळ’ असं नाव मिळालं. शाळेच्या नावाने चळवळ ओळखली जावी, अशी दुसरी उदाहरणं आपल्याकडे शोधावी लागतील.

पॅरिसमध्ये सारा बर्नहार्ट या अभिनेत्रीने १८९९ साली एक मोठं नाट्यगृह भाड्याने घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. युरोप-अमेरिकेत तिच्या नावाचा एवढा दबदबा होता की तिच्या नावावर नाट्यगृह चालणं स्वाभाविक होतं. रंगमंचावर राज्य केल्यानंतर अगदी सुरुवातीच्या मूकपटांतही ती दिसली. सुलभाताईही रंगमंच आणि पडदा या दोन्हींवर वावरल्या. त्यांचं नाट्यगृह मात्र शाळेचं होतं, त्यावर त्यांचं नाव कधीच लागलं नाही. तरी तिथून मराठी नाटकाची एक अख्खी पिढी घडून गेली.

चंद्रशाला

मुलांसाठी ‘आविष्कार’ने ‘चंद्रशाला’ हा वेगळा विभाग चालवला, आणि त्याचा प्राण सुलभाताई होत्या. बालनाट्य म्हणजे राजा, राक्षस आणि मोठ्यांनी बोबडं बोलणं, ही समजूत त्यांनी मोडली. ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात मुलांचा मोठा ताफा गात-नाचत रंगमंचावर यायचा. मुलं मोठी होत गेली, त्यांच्या जागी नवी मुलं आली, तरी नाटक चालूच राहिलं. मुंबईतल्या अनेक घरांत आजही कुणीतरी सांगतं की लहानपणी मी ‘दुर्गा झाली गौरी’त होतो किंवा होते. त्यांपैकी सगळे नट झाले नाहीत; पण चारचौघांसमोर उभं राहायची हिंमत घेऊन ते बाहेर पडले. ‘राजा रानी को चाहिए पसीना’ हा मुलांचा चित्रपटही सुलभाताईंनी दिग्दर्शित केला.

पडद्यावरच्या सुलभाताई

चित्रपटांत त्यांना नायिका होण्याची घाई कधी नव्हती. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’त त्या स्मिता पाटील यांच्या आईच्या भूमिकेत आहेत. हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये, मुजफ्फर अली यांच्या ‘गमन’मध्ये, सईद मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’मध्येही त्या दिसतात. समांतर सिनेमाच्या त्या वर्षांत त्या जिथे होत्या, तिथे घरातली बाई खरी वाटते. ‘चौकट राजा’त दिलीप प्रभावळकरांच्या नंदूची आई करताना त्यांनी मायेचा उमाळा कुठेही उतू जाऊ दिला नाही. मतिमंद मुलाला एकटीने वाढवणाऱ्या बाईचा कणखरपणाच जास्त दिसत राहतो. ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये सासू असूनही त्या सुनेच्या बाजूने शांतपणे उभ्या राहतात, आणि ती बाजू एका नजरेतही कळते.

१९८७च्या सुरुवातीला अरविंद देशपांडे गेले. ‘आविष्कार’ मात्र थांबली नाही; त्यांच्या स्मरणार्थ नाट्यमहोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी सुलभाताईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे छबिलदासचं सभागृह हातचं गेलं, तेव्हा संस्थेने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवलं. पुन्हा एक शाळाच. ४ जून २०१६ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, सुलभाताईंचं मुंबईत निधन झालं. अरुण काकडे २०१९ मध्ये गेले.

भांडुपला काय घेता येईल

मी भांडुपचा. इथल्या माणसाला नाटक बघायचं तर तो मुलुंडच्या कालिदासला जातो, नाहीतर ठाण्याच्या गडकरी रंगायतनला. पण नाटक करणारी माणसं भांडुपात कधीच कमी नव्हती. कोकणनगर, टेंभीपाडा या वस्त्यांमध्ये कोकणातून आलेल्या कुटुंबांनी नमन आणि जाखडी या लोककला इथे आणल्या. लालबहादूर शास्त्री मार्गावर आणि आसपास कारखाने जोरात होते, तेव्हा कामगारांच्या नाट्यस्पर्धांसाठी पाळी संपल्यावर तालमी चालायच्या. कारखाने बंद पडत गेले, तशा त्या संस्थाही पांगल्या. मुलं आजही गणेशोत्सवात एकांकिका बसवतात. गणपती गेले की तालमीला जागा राहत नाही, आणि वर्षभराची मेहनत एका रात्रीत संपते.

अशा वेळी आपण नाट्यगृहाची मागणी करतो. ती करायलाच हवी. पण नाट्यगृह उभं राहायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात एक पिढी नाटकाशिवाय मोठी होते. सुलभाताईंनी मोठ्या इमारतीची वाट पाहिली नाही. शाळेच्या सभागृहात नाटक केलं, मुलांना त्यात घेतलं आणि इतरांनाही ती जागा वापरू दिली. भांडुपात महापालिकेच्या आणि खासगी शाळा आहेत, त्यांपैकी कितीतरींना सभागृहं किंवा मोठे वर्ग आहेत. रविवारी आणि सुट्टीत ते बंद असतात.

शाळांच्या व्यवस्थापनांना आणि इथल्या लोकप्रतिनिधींना माझी मनापासून विनंती आहे: आठवड्यातून एक दिवस यातलं एक सभागृह हौशी संस्थांना नाममात्र भाड्याने तालमीला द्या आणि महिन्यातून एकदा तिथे प्रयोग होऊ द्या. शिक्षकांनी मुलांची नाटकं बसवावीत, आणि ज्या शिक्षिकेला अभिनय येतो तिला शाळेने वेळ द्यावा. सुलभा देशपांडे यांच्या नावाने पुतळा किंवा चौक करण्यापेक्षा हे काम त्यांना जास्त आवडलं असतं, याची मला खात्री आहे.