व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकाची कसोटी रोहित्रापाशी

मध्य प्रदेशातील तापीकाठचे बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. मागाची मोटर जळाली की ती पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर अशा शहरात लागतोच. घरी निर्वात नलिकेचा, म्हणजेच व्हॉल्व्हचा, ध्वनिवर्धक बांधू पाहणाऱ्यालाही हाच कारागीर उपयोगी पडतो. कारण बाकीचे सुटे भाग शोधून मिळतात. काम अडते ते स्पीकरला जोडावयाच्या रोहित्रापाशी.

व्हॉल्व्हचे तत्त्व सोपे आहे. तापलेल्या ऋणाग्रातून निघालेले इलेक्ट्रॉन धनाग्राकडे धावतात. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये जाळी बसवली. जाळीवरील दाब किंचित बदलला की इलेक्ट्रॉनांचा ओघ मोठ्या प्रमाणात बदलतो आणि क्षीण ध्वनिसंकेत बलवान होतो. जुन्या रेडिओंत आढळणारा ‘ईएल ८४’ हा व्हॉल्व्ह बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनीही बनवीत असे. त्याच्या धनाग्राला सुमारे २५० व्होल्ट आणि ४८ मिलिअँपिअर, म्हणजे १२ वॉट लागतात. तापकाला आणखी जवळपास ५ वॉट. पदरी पडतो तो जेमतेम ५ वॉटचा आवाज. एका खोलीला मात्र तो पुरतो.

या व्हॉल्व्हला सुमारे ५,००० ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. हा मेळ रोहित्र घालते. रोध वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो, म्हणून २५ वेढ्यांमागे १ वेढा हे प्रमाण ठरते.

खरी खोच पुढे आहे. नेहमीच्या रोहित्रात ‘ई’ आणि ‘आय’ आकाराच्या पत्र्या आलटूनपालटून रचतात. येथे तसे चालत नाही. एकाच व्हॉल्व्हच्या मंडलात गुंडाळीतून एकदिश प्रवाह अखंड वाहतो. त्याने गाभा संपृक्त होऊन खर्जाचे स्वर दबतात. म्हणून सर्व ‘ई’ एका बाजूस, सर्व ‘आय’ दुसऱ्या बाजूस आणि मध्ये कागदाची पातळ फट ठेवावी लागते. दोन्ही गुंडाळ्यांचे थर एकमेकांत गुंफले तर वरचे स्वरही स्पष्ट उमटतात. कारागिराला हे आधीच सांगावे. गोव्याच्या दमट हवेसाठी वार्निशही नीट मुरवून घ्यावे.

एका बाबतीत मात्र हयगय नको. वीज बंद केल्यावरही धारित्रात ३०० व्होल्ट साठून राहू शकतात आणि ते जीव घेऊ शकतात. ४७ मायक्रोफॅरडच्या धारित्राला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रोधक कायम जोडला तर अर्ध्या मिनिटात दाब १५ व्होल्टच्या आसपास उतरतो. तरीही मीटरने खात्री केल्यावाचून आत हात घालू नये. धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्यावे, वीज थेट घरच्या जोडणीतून न घेता रोहित्रामार्फतच घ्यावी आणि स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालवू नये. अन्यथा कष्टाने गुंडाळलेले रोहित्रच आतून जळण्याचा धोका असतो.