पांढरा चट्टा : दोष विषाणूचा की सुपारीचा?

जळगाव शहराला लागून वाढत गेलेले आणि आता महापालिकेच्या हद्दीत सामावलेले पिंप्राळा आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखले जाते. एरवी तेथील दिवस खानदेशातील कोणत्याही व्यापारी वस्तीसारखाच उगवतो आणि मावळतो. पेढीवर पाहुणा आला की चहा येतो आणि चहामागोमाग कातरलेल्या सुपारीची डबी पुढे सरकते. मारवाडातून येऊन या भूमीत पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या जैन घरांत मद्य-मांस वर्ज्य असते, विडी-सिगारेटकडेही चांगल्या नजरेने पाहिले जात नाही. सुपारीला मात्र कोणी व्यसन म्हणत नाही. ती मुखवासाच्या तबकात बडीशेपेशेजारी प्रतिष्ठेने बसलेली असते.

अशा घरातील कर्त्या पुरुषाच्या गालाच्या आतील बाजूस दंतवैद्याला एखादा पांढरा चट्टा दिसतो, तपासणीचा सल्ला मिळतो आणि अलीकडे त्याबरोबर एक नवा शब्द कानावर पडतो : एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. या शब्दाने घरात दोन परस्परविरोधी भावना एकाच वेळी निर्माण होतात. पहिली सुटकेची : रोग विषाणूचा असेल, तर सुपारीवरचा आरोप टळला. दुसरी लज्जेची : हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो असे कोणीतरी सांगितलेले असते, म्हणून रिपोर्ट कपाटात जातो आणि पुढची तपासणी लांबणीवर पडते. दोन्ही भावनांना आधार अपुरा आहे, आणि दोन्हींची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.

प्रथम चट्ट्याविषयी. घासून न निघणारा आणि दुसऱ्या कोणत्याही ज्ञात आजारात न बसणारा पांढरा डाग म्हणजे ल्युकोप्लाकिया. मखमलीसारखा लाल चट्टा त्याहून क्वचित आढळतो, पण अधिक धोक्याचा असतो. सुपारी खाणाऱ्यांत तिसरा प्रकार दिसतो : तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचतात, गाल ताठर होतात, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू जबडा उघडेनासा होतो. नैरोबीतील भारतीय वंशाच्या पाच स्त्रियांमध्ये श्वार्ट्झ यांनी 1952 मध्ये या विकाराची नोंद केली आणि 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. यातील कोणताही विकार म्हणजे कर्करोग नव्हे. बहुसंख्य चट्टे कर्करोगापर्यंत जातही नाहीत. परंतु कोणता जाईल, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. केरळमध्ये तंतुमयतेच्या 66 रुग्णांवर 17 वर्षे लक्ष ठेवले असता 7.6 टक्के रुग्णांमध्ये कर्करोग उद्भवला.

आता विषाणूविषयी. एचपीव्हीचे 200 हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांतील बरेचसे हातापायांवर चामखीळ उठवण्यापलीकडे काही करत नाहीत. 16 आणि 18 क्रमांकाचे प्रकार मात्र घातक. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध सिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशींच्या वाढीला लगाम घालणारी दोन प्रथिने शरीरात असतात. विषाणूची ई-6 आणि ई-7 ही प्रथिने नेमका तोच लगाम निकामी करतात. तोंडाच्या कर्करोगातही असाच हात असावा, ही शक्यता फिनलंडच्या सिरयानेन यांनी 1983 मध्येच मांडली होती.

तेव्हापासून जगभर अभ्यास झाले आणि आकड्यांचा गोंधळ वाढत गेला. 1982 ते 1997 या काळातील 94 अहवालांचे आणि 4680 नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निरोगी अस्तराच्या 10 टक्के, ल्युकोप्लाकियाच्या 22.2 टक्के आणि कर्करोगाच्या 46.5 टक्के नमुन्यांत हा विषाणू आढळला. चढत जाणारी ही रांग पाहून कोणालाही वाटेल की अपराधी सापडला. पण 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने भारतासह 9 देशांत केलेल्या अभ्यासात तोंडाच्या 766 कर्करोगांपैकी केवळ 3.9 टक्क्यांत तो मिळाला. घशाच्या वरच्या भागातील, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाकडील कर्करोगांत हेच प्रमाण 18.3 टक्के होते. केरळमधील कोझिकोड येथील रुग्णांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर तोंडाच्या कर्करोगात या विषाणूचा सहभाग आढळलाच नाही.

एवढा फरक का? व्यापाऱ्याला हे उदाहरणाने पटेल. खतावणीत एखाद्याच्या नावाचे पान असणे वेगळे आणि त्याच्याशी प्रत्यक्ष व्यवहार चालू असणे वेगळे. अतिसंवेदनशील चाचणीला विषाणूच्या जनुकद्रव्याचा एखादा तुकडा सापडतो, म्हणजे पान सापडते. विषाणू पेशीत शिरून ई-6 आणि ई-7 प्रथिने घडवू लागला आहे का, हे पाहण्यासाठी निराळी चाचणी लागते. शिवाय बहुतेक माणसांत हा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत शरीराच्या प्रतिकारशक्तीने आपोआप नाहीसा होतो. म्हणून रिपोर्टमधील तो एक शब्द म्हणजे कर्करोगाचे निदान नव्हे, आणि कोणाच्या चारित्र्याचा दाखला तर मुळीच नव्हे. संसर्ग केव्हा झाला, कोणाकडून झाला, तो किती वर्षे सुप्त होता, हे कोणतीही चाचणी सांगत नाही. पती-पत्नींनी या एका शब्दावरून परस्परांकडे संशयाने पाहावे, असे त्यात काहीच नाही.

मग तोंडातील चट्ट्यात विषाणूचा वाटा शून्य म्हणावा का? तसेही नाही. हा विषाणू अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींतच घर करू शकतो आणि तेथे पोहोचण्यास त्याला सूक्ष्म जखम लागते. टॉन्सिलच्या खाचांतील अस्तर मुळातच विरळ असल्याने तेथे त्याचे सहज फावते. गालाचे अस्तर जाड असते. परंतु कठीण सुपारीच्या कडा आणि चुन्याचा दाह तेथे रोज ओरखडे काढत असतील, तर विषाणूला दार कोण उघडून देते हे निराळे सांगायला नको. सुपारी-तंबाखू आणि विषाणू यांच्या संगनमताचा हा विचार संशोधक गांभीर्याने करतात. तो खरा ठरला तरी सुपारीची सुटका होत नाही. उलट तिच्यावर आणखी एक कलम लागते.

सुपारी-तंबाखूविरुद्धचा पुरावा मात्र तर्काचा नाही, आणि त्यातील मोलाचा भाग याच महाराष्ट्रात जमला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. याच गटाने पुढे केरळ, आंध्र आणि गुजरातमधील 36,000 तंबाखूसेवकांमध्ये सवय सोडवण्याचे प्रयत्न केले आणि ज्यांनी ती सोडली त्यांच्यात नवे चट्टे उमटण्याचे प्रमाण घटलेले आढळले. 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने नुसत्या सुपारीलाही, तंबाखूविना, कर्करोगकारक ठरवले. ‘तंबाखू नाही, साधी सुपारी आहे’ हे पेढीवरचे नेहमीचे समर्थन तेव्हापासून निराधार झाले आहे.

जैन आचारात या सवयीसाठी शब्द फार पूर्वीपासून आहे. आहाराच्या चार प्रकारांत अशन, पान, खादिम यांच्यानंतर स्वादिम येते. सुपारी, लवंग, तांबूल हे सारे त्यातले. चौविहाराचे पच्चक्खाण घेणारा श्रावक सूर्यास्तानंतर सुपारीला शिवत नाही, पर्युषणात तर कित्येकांची डबी आठही दिवस बंद राहते. आठ दिवस जी सुटते ती नवव्या दिवशी का सुरू होते, हा प्रश्न घराघरांत विचारण्याजोगा आहे. आणखी एक प्रश्न दुकानाचा. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे; परंतु साध्या सुपारीच्या पुड्यांची माळ टांगणाऱ्या दुकानदाराने त्या मालाला कोणत्या सदरात धरावे, याचा निर्णय कायद्याने केलेला नाही. तो ज्याचा त्याने करावयाचा आहे.

लसीविषयी घरोघरी विचारणा होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस 2023 च्या जानेवारीत सादर झाली. 9 ते 14 वर्षे वयात तिच्या दोन मात्रा देतात. ती मुलींसाठी मुख्यत्वे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध आहे आणि मुलांनाही देता येते. कोस्टा रिकातील चाचणीत तेथे वापरलेल्या लसीने तोंडातील 16 व 18 क्रमांकांचा संसर्ग चार वर्षांनंतर सुमारे 93 टक्क्यांनी कमी दिसला. मात्र लस आधीच झालेला संसर्ग घालवत नाही, उमटलेला चट्टा पुसत नाही आणि सुपारीचे विष उतरवत नाही. मुलीला लस देऊन घरी परतलेल्या पित्याने गाडीतच पुडी फोडावी, हे दृश्य दुर्मीळ नाही.

चट्टा आधीच असेल, तर करण्याजोगी गोष्ट एकच, ती म्हणजे तपासणी. केरळमध्ये 1996 पासून झालेल्या मोठ्या चाचणीत आरोग्यसेवकांनी केवळ प्रकाशात तोंड पाहून तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटवले. घरी आरशासमोर गाल, जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा पाहावी; आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात सहज जातात का, हेही पाहावे. दोन ते तीन आठवड्यांत न जाणारा पांढरा वा लाल डाग किंवा न भरणारी जखम दिसली, तर दंतवैद्याकडे अथवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. ते जळगावातही आहे आणि धुळ्यातही. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये प्रथम पाहावयाचा शब्द एचपीव्ही नसून डिसप्लेशिया आहे, म्हणजे पेशींची घडी विस्कटली आहे का आणि किती. पुढील उपचार मुख्यतः त्यावर ठरतो. ज्यांनी आयुष्यात सुपारी-तंबाखूला स्पर्श केलेला नाही अशांच्या तोंडात चट्टा उमटला, तर त्यांनी निश्चिंत राहू नये. कारण नसलेल्या चट्ट्यांत कर्करोगाचा धोका अधिक आढळतो. घरातील आजीबाई मशेरी लावत असतील, तर तपासणीला जाताना त्यांनाही सोबत न्यावे.