घुबड, सादाको आणि मी

शाळेत तुम्हाला काय म्हणून चिडवायचे? मला ‘घुबड’. वाशिमच्या शाळेत सहावीपासूनच जाड भिंगांचा चष्मा, दोन वेण्या, त्यात बोलणं कमी. ‘पेपरच्या दिवशी हिचं तोंड पाहिलं की नापास’ असा फंडाही कुणीतरी काढला होता. हसायला येतं ना? तेव्हा नव्हतं येत.

हे सगळं वर आलं ते ‘किमी नि तोदोके’मुळे. करुहो शिइनाच्या मांगावरून २००९ मध्ये आलेली ही जपानी ॲनिमे मालिका. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर तिसरा सीझन आला आणि पुण्यातल्या फ्लॅटवर मी पहिल्यापासून सगळी बघून काढली. नायिका सावाको. लांब काळे केस, पांढराफटक चेहरा, म्हणून वर्ग तिला ‘सादाको’ म्हणतो, ‘रिंग’मधल्या भुताचं नाव! तिच्या डोळ्यांत तीन सेकंद पाहिलं की वाईट होतं म्हणे. मग सगळ्यांचा लाडका काझेहाया तिच्याशी साधं, सरळ बोलतो आणि गोष्ट सुरू होते.

टिपिकल हायस्कूल रोमान्स, बॉस! पण मला भिडला तो यानो आणि चिझू या मैत्रिणींचा ट्रॅक. त्या दोघींबद्दल अफवा उठतात, तेव्हा आपल्यामुळेच हे झालं असं समजून सावाको त्यांना टाळू लागते. आणि त्यांना वाटतं, हिलाच आपण नकोत.

आपल्याकडे शाळेतलं प्रेम म्हटलं की मला ‘फँड्री’ (२०१४) आठवतो. शालूसाठी काळ्या चिमणीमागे रानोमाळ फिरणारा, तोंडाला पावडर थापणारा जब्या. त्याच्या वाट्याला काझेहाया येत नाही. जातीची भिंत एका गोड ‘हाय’ने पडत नसते. माझ्या चष्म्याची त्याच्याशी तुलना नकोच. पण ती पावडर ओळखीची वाटली. पहिल्या नोकरीतले पैसे साठवून मी काय केलं? डोळ्यांचं लेसर ऑपरेशन. चष्मा गेला. डबा मात्र पुढची दोन वर्षं डेस्कवर एकटीनेच खाल्ला.

गेल्या दिवाळीत पाटणी चौकात मागून हाक आली, ‘‘काय वं घुबड, वयखलं का?’’ वर्गातलीच एक. कडेवर पोरगी. मी अवघडून हसले.

‘‘चष्मा कुठी गेला? चांगला दिसे तुले.’’ मग तीच पुढे म्हणाली, ‘‘तू कोनाशी बोलेच ना. आमाले वाटे, हुशार हाय, लय भाव खाते.’’

भाव! मी? मधल्या सुट्टीत मी वही उघडून बसायचे, ते मला कुणी हाक मारत नाही हे कुणाला दिसू नये म्हणून. चिडवणाऱ्यांना मी माफ वगैरे केलेलं नाही. पण ती वही मीच उघडायचे, हेही खरंच.

रात्री तिला मालिकेचं नाव पाठवलं. दहा मिनिटांत रिप्लाय : ‘‘हे मराठीत नाही का वं?’’

मग फोनच लावला आणि सांगायला बसले, एक असते सावाको...